गाणे किती पिळावे?

"सर, एकशे अठ्ठावीस घेऊ की तीनशे वीस?" आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने परवा मला जिन्यातच गाठले. मी मराठीचा अध्यापक. मला क्षणभर वाटले, हा वहीच्या पानांविषयी विचारतो आहे. पण तसे नव्हते. आषाढीला त्याच्या गावच्या मंडळाने भजन केले, ते त्याने ध्वनिमुद्रित केले होते, आणि आता ते सगळ्यांना वाटायचे तर फाइल किती 'बिटरेट'ची करावी, असा त्याचा प्रश्न होता. मी गाण्याचा नादी आहे हे मुलांना ठाऊक आहे. हा नाद मला एकदा चांगलाच महागात पडला, हे मात्र त्यांना ठाऊक नाही.

तुमच्याही मोबाइलमध्ये गाणी असतील. 'लो', 'नॉर्मल', 'हाय' असे पर्याय तुमच्याही डोळ्यांपुढून गेले असतील, आणि पुष्कळांप्रमाणे तुम्हीही पहिल्यांदा जो होता तोच राहू दिला असेल. त्यात काही बिघडत नाही. पण त्या पर्यायांमागे एक व्यवहार चाललेला असतो. काहीतरी टाकले जाते आणि त्या बदल्यात जागा वाचते. काय टाकले जाते, हे एकदा समजून घेतले पाहिजे.

आवाज म्हणजे हवेतले कंप. ते यंत्रात भरायचे तर त्यांची क्षणोक्षणी उंची मोजायची आणि ती आकड्यांनी लिहून ठेवायची. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी ठरले ते असे, की दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचे आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचे. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढे एकच अक्षर. सोळा बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या उंची मावतात. डाव्या कानाचे एक नि उजव्या कानाचे एक अशी दोन खाती धरली, तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. यालाच १४११ किलोबिटांचा बिटरेट म्हणतात. आता ४४,१०० हाच आकडा का? आमच्या पदार्थविज्ञान विभागातल्या स्नेह्यांनी मला ते चहाच्या टेबलावर समजावले. माणसाचा कान सेकंदाला फार तर वीस हजार कंप ऐकतो, आणि कंप पकडायचा तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावे लागते. दुप्पट चाळीस हजार, वर थोडी मोकळीक. झाले. तेही निरोगी तरुण कानाचे. चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याच्या कानातून वरची दोनचार हजार केव्हाच निसटलेली असतात. "तुम्हाला काय, पंधरा हजारांपर्यंत दिलं तरी पुरे," असे ते वर म्हणाले. असो.

या हिशोबाने तासाभराच्या गाण्याला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. आज हे फार वाटत नाही, पण १९९० च्या आसपास ते अवाढव्य होते. जर्मनीत एर्लांगेन गावी फ्राउनहोफर नावाची संशोधनसंस्था आहे. तेथे कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी या ओझ्यातून वाट काढत होते. त्यांच्या खटपटीतून जे निघाले, त्याला १९९५ च्या जुलैत 'एमपीथ्री' हे नाव पडले. यात युक्ती कानाच्या स्वभावाची आहे. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. ती थांबलेली नसते. मोठा आवाज जवळच्या लहान आवाजाला झाकून टाकतो, एवढेच. मग जे ऐकूच येणार नाही ते लिहायचे कशाला? एमपीथ्री गाण्याचे बारीक बारीक तुकडे करते, प्रत्येक तुकड्यात कोण कोणाला झाकतो आहे याचा अंदाज घेते, आणि झाकले गेलेले टाकून देते किंवा ओबडधोबड लिहिते. तुम्ही १२८ किलोबिट मागितलेत, तर अकरा भागांतला एकच उरतो. आणि तरीही पुष्कळदा गाणे तेच वाटते. ही गोष्ट खरोखर कौतुकाची आहे. मी एमपीथ्रीचा वैरी नाही.

जागेपायी गाणे पिळण्याचा प्रकार काही आजचा नव्हे. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून आपल्या गवयांनी तासाचा राग तीन मिनिटांच्या तबकडीत बसवला. तिथे यंत्राने नव्हे, गाणाऱ्यानेच काय टाकायचे ते ठरवले. इतकेच काय, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, त्यात आपल्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आणि ती तबकडी फिरवायची मिनिटाला फक्त १६⅔ फेऱ्यांनी. वेग कमी ठेवला म्हणजे जास्त मजकूर मावतो. ताऱ्यांकडे जातानाही जागेची ओढाताण सुटली नाही!

तर प्रश्न असा की, हे पिळणे कुठे कानाला कळते? इथे आपल्या संगीताकडेच पाहू. मिरजेचा तंबोरा घ्या. घोडीवर तारेखाली जो बारीक दोरा सरकवतात, त्यानेच जवारी लागते आणि एका तारेतून स्वरांचा झुबका उठतो. त्या झुबक्यातले वरचे स्वर फार नाजूक. बिटरेट ६४ वर आला की आधी तेच जातात. उरलेला तंबोरा पाण्याखालून वाजल्यासारखा, हिंदकळल्यासारखा वाटतो. दुसरी परीक्षा आपल्या चिपळ्यांची आणि झांजेची. एमपीथ्रीचा एक तुकडा ११५२ मापांचा, म्हणजे सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतका. चिपळीचा ठोका त्या तुकड्याच्या मध्येच कुठेतरी पडतो, पण ओबडधोबड लिहिण्यातली चूक मात्र सगळ्या तुकड्यावर पसरते. परिणाम असा की ठोक्याच्या आधीच किंचित फुस्स ऐकू येते, आणि टक्क म्हणून फुटायचा आवाज थोडा भिजलेला वाटतो. झांज तर सारी वरच्या कंपांचीच. कमी बिटांत ती झांज न राहता कागद चुरगाळल्याचा आवाज होते. भजनी मंडळाच्या त्या मुलाला मी पहिली सूचना दिली ती हीच: पेटीवर जाऊ नकोस, झांज ऐकून ठरव.

आम्ही एकदा स्टाफरूममध्ये गंमत केली. एक भजन आणि एक ख्याल घेतला, प्रत्येकाच्या चार प्रती केल्या: मूळ, ३२०, १२८ आणि ६४. कोणती कोणती ते न सांगता पाच जणांना कानाला लावून ऐकवल्या. ६४ ची प्रत पाचांनीही ओळखली. १२८ ला भजनात तिघे फसले नाहीत, ख्यालात मात्र एकट्या आमच्या संस्कृतच्या बाईंनी बोट ठेवले. त्या स्वतः गातात. मूळ आणि ३२० यांत कोणालाच खात्रीने सांगता येईना. ज्यांनी छातीठोक सांगितले, त्यांनी पुढच्या खेपेस उलटे सांगितले. हे काही संशोधन नव्हे. पण तुम्ही घरी करून पहा. बिटरेटचा आकडा डोळ्यांनी वाचून मग ऐकू नका. आकडा आधी दिसला की कान त्याचीच री ओढतो.

एवढ्यावर हे भाषण थांबवता आले असते. पण मघा म्हटले, नाद मला महागात पडला. ते आता सांगतो.

माझी आजी संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी राहत असे. पहाटे जात्यावर नाचणी दळताना ती ओव्या म्हणायची. १९९१ साली मुंबईहून आलेल्या काकांनी त्यांचा टू-इन-वन तिच्याजवळ ठेवून एक साठ मिनिटांची कॅसेट दोन्ही बाजूंनी भरून घेतली. आजी १९९८ साली गेली. २००४ साली मी एम. ए. करत होतो. मस्कतला असलेल्या माझ्या चुलतभावाला त्या ओव्या ऐकायच्या होत्या. मी मित्राच्या संगणकाला टेपरेकॉर्डर जोडला आणि कॅसेट आत घेतली. चांगल्या प्रतीच्या दोन 'वेव्ह' फाइली झाल्या, मिळून तीनशे एमबीच्या वर. पण ई-मेलला जोडायच्या फाइलीची मर्यादा होती दहा एमबी. मग मी हिशोब केला. तीस मिनिटांची एक बाजू ३२ किलोबिटांत केली तर ७.२ एमबी. मावते! मोजमापही निम्म्यावर, सेकंदाला २२,०५० वर आणले. मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला. सायबर कॅफेत बसून, टेलिफोनच्या तारेवरून, एकेक बाजू अर्धाअर्धा तास पाठवीत होतो. भावाचे उत्तर आले, "आजी समोर बसल्यागत वाटली." काम झाले. मित्राच्या संगणकावरची जागा अडली होती, म्हणून त्या मोठ्या फाइली मी माझ्या हाताने पुसून टाकल्या. लहान आहेतच ना, मोठ्या कशाला?

कॅसेट घरात होती. पण कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वर्षी कपाट उघडले तेव्हा कॅसेटींचे अख्खे खोके पांढऱ्या बुरशीने भरलेले. टेप एकमेकीला चिकटलेली. आईने विचारले, "हे टाकू का?" मी म्हणालो, "टाक, माझ्याकडे आहे."

माझ्याकडे काय होते, ते पुढे चार वर्षांनी कळले. वर्गात लोकगीते शिकवत होतो, म्हटले मुलांना खरी ओवी ऐकवू. चांगल्या ध्वनिक्षेपकावर ती फाइल लावली. जात्याची घरघर ऐकू आली, मोठी आणि भरड. तिच्या आतून आजीचा आवाज येत होता, पण कडेने विरलेला. 'स' आणि 'श' यांच्या जागी नुसते पाण्याचे बुडबुडे. दोन ओव्यांत तर शब्द लागेनात. मुले अर्थ विचारू लागली, तेव्हा मी आठवणीने सांगू लागलो, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आले की मलाही ते शब्द पक्के आठवत नाहीत.

असे का झाले, ते आता कळते. जात्याची घरघर म्हणजे सर्व बाजूंनी सांडलेला आवाज. त्यात ठरीव असे काही नाही, त्यामुळे तो थोडक्यात लिहिता येत नाही. हाती आधीच बिट थोडे, त्यांतले बहुतेक यंत्राने इमानेइतबारे जात्यावर खर्च केले. यंत्राला जाते आणि ओवी सारखीच. आणि तशात एकट्या बाईचा गळा. एमपीथ्री घडवणाऱ्या ब्रांडेनबुर्गांनीच पारखीसाठी सुझॅन वेगा या गायिकेचे वाद्याविना गायलेले एक गाणे घेतले होते. बाकीचे बरे निघत होते, पण हा उघडा गळा सुरुवातीला अगदी बिघडून निघाला, आणि तो नीट यावा म्हणून त्यांना पद्धत पुन्हापुन्हा सुधारावी लागली. उघड्या गळ्याला झाकायला काही नसते.

ती फाइल मी पुढे ३२० ला केली, 'फ्लॅक'मध्येही करून पाहिली. आकार दहापट झाला, शब्द एकही परत आला नाही. हे नीट ध्यानात घ्या, कारण यात पुष्कळजण फसतात. आंबापोळी वर्षभर टिकते, तोंडाला चव आणते, पण तिच्यापासून पुन्हा हापूस होत नाही. १२८ ची फाइल ३२० करून देणारे पुष्कळ आहेत. ते फक्त डबा मोठा देतात. संशय आला तर 'ऑडेसिटी' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम घ्या आणि त्यात गाण्याचे वर्णपट-चित्र पहा. फाइलीवर ३२० लिहिले आहे आणि सोळा हजार कंपांच्या वर सारे कापल्यासारखे काळे आहे असे दिसले, तर ती बहुधा पूर्वी कोणीतरी पिळलेली आहे.

उलट 'फ्लॅक'ची गोष्ट निराळी. २००१ सालापासून हा प्रकार आहे, आणि फुकट आहे. नऊवारी लुगड्याची घडी घालावी तसे हे. घडी लहान, पण उलगडलीत की सूत न् सूत जागेवर. सीडीचे तासाभराचे ६३५ एमबी यात साधारण निम्म्या-पाऊण जागेत बसतात. जात्यासारखी घरघर किंवा जुन्या तबकडीची खरखर असेल तर घडी थोडी जाड होते, इतकेच.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी विचारले, "तुला ऐकायला हवंय की ठेवायला?" तो गोंधळला. हे दोन प्रश्न आहेत हे मलाही तेव्हा कळले नव्हते.

ऐकायला म्हणाल, तर फार काथ्याकूट नको. एस.टी.च्या खिडकीशी बसून ऐकणार असाल तर १२८ पुष्कळ झाले, त्यातही एएसी असेल तर अधिक बरे. १९९७ चा हा प्रकार त्याच बिटांत एमपीथ्रीपेक्षा जास्त राखतो. घरी शांतपणे, बऱ्या हेडफोनवर ऐकणार असाल तर एएसी २५६ किंवा एमपीथ्री ३२० घ्या आणि निश्चिंत असा. अगदी थोड्या बिटांत बोलणे पाठवायचे तर २०१२ चा ऑपस सर्वांत बरा. व्हॉट्सॲपवर तुम्ही बोलून पाठवता तो निरोप त्यातच जातो. निरोपाला तो उत्तम, पण आजीच्या ओवीला नको.

चोवीस बिट, ९६ हजार, १९२ हजार असे मोठमोठे आकडे दाखवून हल्ली गाणी विकतात. मुद्रण करणाऱ्याला चोवीस बिटांचा उपयोग आहे. आवाज एकदम चढला-उतरला तरी सांभाळून घेता येते. ऐकणाऱ्याला, आणि त्यातही चाळिशीच्या ऐकणाऱ्याला, त्यातून काय मिळते ते मला तरी समजलेले नाही. आणि एवढा मोठा आकडा घेऊन लोक तो बिनतारी ब्लूटूथच्या बोंडांतून ऐकतात! ब्लूटूथ वाटेत गाणे पुन्हा एकदा पिळते. त्याच्या सर्वसाधारण पद्धतीची धाव ३२८ किलोबिटांच्या आसपास संपते. त्यापेक्षा साधा तारेचा चांगला इअरफोन घ्यावा. आणखी एक. जुनी तबकडी 'स्वच्छ' करून देणाऱ्यांपासून जरा जपा. खरखरीबरोबर गळ्याची धारही पुसली जाते, आणि मग १४११ किलोबिट देऊन तुम्ही मऊ झालेले गाणे ऐकता. मला तर बालगंधर्वांची तबकडी तिच्या खरखरीसकट हवी असते.

ठेवायला मात्र कंजुषी करू नका. फोनवर मुद्रित करताना रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्वांत वरचा दर्जा निवडा. वेव्ह असेल तर वेव्ह, मग तिची फ्लॅक करा. तीच मूळ प्रत. ती दोन ठिकाणी ठेवा, निदान एक तरी पावसापासून दूर. साधे ६४ जीबीचे कार्ड घेतले तरी दीडशे तासांहून अधिक फ्लॅक त्यात मावते, आणि त्याची किंमत एका चांगल्या जेवणाहून फार नाही. मग त्या प्रतीपासून वाटायला हव्या तितक्या लहान फाइली करा. आणि व्हॉट्सॲपवर भजनाचा व्हिडिओ पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नुसता व्हिडिओ म्हणून पाठवलात की तो पिळूनच पोचतो, पुढचा त्यालाच मूळ समजून जपून ठेवतो.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित आहेत आणि 'पारी'च्या संग्रहात आज कोणालाही ऐकता येतात. मी त्या ऐकतो तेव्हा शब्द स्वच्छ लागतात, जातेही फिरताना दिसते. आणि दर वेळी वाटते की त्या बायकांच्या नातवंडांनी नशीब काढले.

आता एक शेवटचे सांगतो. मागच्या महिन्यात डोंबिवलीच्या आत्याशी बोलताना मी सहज ही हळहळ बोलून दाखवली. ती म्हणाली, "अरे, दादाने त्या वेळी दोन कॅसेटी केल्या होत्या ना! एक मला दिलेली. माळ्यावरच्या ट्रंकेत असेल बघ." दुसरी कॅसेट पहिलीवरून उतरवलेली असणार, म्हणजे थोडी मंद. चालेल. ट्रंक कोरडी आहे, असे ती म्हणते. आत्या गणपतीला गावी येते आहे. मी जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतला आहे, त्याचा पट्टा नवा घातला आहे, हेड स्पिरिटने पुसून ठेवले आहे. पदार्थविज्ञानाचे स्नेही म्हणाले आहेत, कॅसेट आल्याबरोबर वाजवू नका. आधी मला दाखवा.